मोडीचा भाव

नाव घातलेलं भांडं मोडीत देताना हात का अडखळतो? वजन होतं, घट धरली जाते, पैसे मिळतात, व्यवहार तिथंच संपतो. तरी माळ्यावरचा एक पितळी तांब्या मनातून हलत नाही. त्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं घातली आहेत, 'चि. बाळूच्या मुंजीप्रीत्यर्थ'. 'मुंजी'वरचा अनुस्वार जरा बाजूला सरकलाय. पुढची तिथी राख-चिंचेने घासून घासून गेली. हा बाळू कोण, ते सांगणारं घरात आता कुणी नाही.

असा तांब्या कुणी शिल्पात जोडला तर? सापडलेल्या आणि घरातल्या वस्तू एकत्र बांधून शिल्पं करण्याची रीत जुनीच आहे. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. उद्या ते उकिरड्यावर पडलं तर कुणाला त्यात आपल्या सायकलसाठी बरं हँडल दिसेल, ही कल्पनाही त्याला आवडली होती. आपल्याकडे अतुल दोडिया यांनी पोरबंदरचं गांधीजींचं संग्रहालय पाहून, गुजरातच्या २००२ च्या दंगलींच्या छायेत, 'ब्रोकन ब्रांचेस' ही नऊ लाकडी कपाटं मांडली. आत फोटो, अवजारं, कृत्रिम हातपाय. पिकासोचं हँडल परत सायकलला लागू शकतं. पण दोडियांच्या कपाटातला तो पाय मला परत कुणाला लावावासा वाटत नाही, तो तिथंच राहावा असं वाटतं. असं का, ते उलगडत नाही.

'जुनं ते सोनं' म्हणतात. ही म्हण जपणाऱ्यांच्या बाजूची मानली जाते. पण घरातल्या सोन्याचं आपण काय करतो? आजीच्या पाटल्या आटवून आईच्या बांगड्या झाल्या, त्यातल्या दोन मोडून ताईचं मंगळसूत्र झालं. दर पिढीला सोनं मुशीत उतरतं आणि मागचं सगळं विसरून बाहेर येतं. पाटल्यांवरची नक्षी कुणी जपली नाही, तिची हळहळही कुणाला वाटली नाही. मोडीत घडणावळ धरतच नाहीत. तरी 'हे सासूबाईंचं सोनं' म्हणून आई हात पुढे करायची, तेव्हा तिचा आवाज बदलायचा. आकार उरला नव्हता, तरी सोनं आजीचंच होतं. मग आजी त्यात कुठं होती? वजनात? म्हणजे या म्हणीचा अर्थ, जुनं वितळू द्या, असाही होतो का? शिल्प नेमकं उलटं करतं. आकार राखतं आणि काम कायमचं थांबवतं. त्या तांब्यात मग कधीच पाणी भरलं जाणार नाही.

रत्नागिरीत हा विचार थिबा राजवाड्यापाशी पोचतोच. ब्रह्मदेशाच्या या राजाला १८८६ मध्ये इथं आणलं, राजवाडा १९१० मध्ये झाला आणि १९१६ मध्ये तो इथंच वारला. बरोबर आणलेली माणकं, हिरे पैशाच्या ओढाताणीत एकेक करून विकले गेले. लोक उरलेलं पाहायला येतात. मला जे विकलं गेलं त्याचीच ओढ लागते. एखादं माणिक इथल्याच कुणाच्या नथीत असेल. सणावारी, हळदीकुंकवाला नाकात मिरवत असेल, आणि घालणारीला थिबाचं नावही ठाऊक नसेल. काचेमागच्या वस्तूपेक्षा त्या खड्याचं बरं चाललंय, असं वाटून जातं. पण हे बरं खड्याचं, राजाचं काय? त्याला विचारलं असतं, तर माणिक आपल्या नावानिशी राहावं असंच तो म्हणाला असता बहुतेक. आणि तरी विकायला त्यानेच काढलं होतं, खर्च भागेना म्हणून. गरजेपोटी विकणाऱ्याची खरी इच्छा कोणती धरायची, जिच्यावर तो सौदा करून मोकळा झाला ती, की जी त्याला परवडली नाही ती?