दोन दुर्बिणी आणि एक काळवीट



यांच्या सत्तरीला मुलाने दुर्बीण दिली. झाइसची व्हिक्टरी एसएफ, १० × ४२. किंमत त्याने सांगितली नाही, मीही विचारली नाही. रविवारी पहाटे आम्ही कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरी अभयारण्यात गेलो. काळविटांसाठी १९८० साली राखलेले हे माळरान, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचे. मुलाचा मित्र स्वतःची दुर्बीण घेऊन आला होता, स्वारोव्हस्कीची एनएल प्युअर, ८ × ४२.

नवकारशी व्हायची होती, म्हणून चहाचा थर्मास गाडीतच राहिला.

कळप दिसताच मुलाने विचारले, "पप्पा, दिसला?"

"हो हो, छान आहे," हे म्हणाले.

चाळीस वर्षांच्या संसारात यांचे खोटे 'छान' मला ओळखू येते. दोन वर्षांपासून यांचे हात थरथरतात. मी दुर्बीण डोळ्याला लावली. चित्र इतके स्वच्छ की शिंगांचे पीळ मोजावेत! पण माझाच हात जरा हलला आणि काळवीट चित्राबाहेर. दहापट मोठे दिसते, तशी हाताची थरथरही दहापट दिसते.

मित्राने काय ते ओळखले. "काका, ही बघा," म्हणून त्याने आपली दिली आणि डोळ्यांपाशी असलेले रबरी कप फिरवून खाली बसवले. चष्मा लावणाऱ्याने ते खालीच ठेवायचे, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात. मग त्याने हिशोब सांगितला. ४२ ला ८ ने भागले की ५.२५, १० ने भागले की ४.२. डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाच्या वर्तुळाची ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. वर्तुळ मोठे असले की डोळा थोडा हलला तरी चित्र निसटत नाही. शिवाय हजार मीटरवर त्याच्या दुर्बिणीतून १५९ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, आमच्या दुर्बिणीतून १२०. म्हणजे शोधाशोध कमी. मी बी.कॉम., मला हे लगेच पटले.

यांनी गाडीच्या खिडकीवर कोपरे टेकली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कुणी न विचारता म्हणाले, "अगं, त्याच्या डोळ्याभोवती पांढरं कडं आहे!"

आता मात्र खरेच दिसले होते.

रात्री मुलाला सगळे सांगितले. तो गप्प झाला. "मोठा आकडा म्हणजे चांगली, असं वाटलं गं. पप्पा बोलले का नाहीत?"

"तुझं मन मोडेल म्हणून."

दहाची आता तो स्वतः वापरणार आहे. यांच्यासाठी आठची घ्यायची, साधी चालेल. पण या वेळी दुकानात यांनाच न्यायचे, चष्म्यासकट, थरथरत्या हातांसकट.

आणि हो, आम्ही तासभर पाहत होतो, पण वाटेवरूनच, लांबून. कळपातले एकही जनावर चरायचे थांबले नाही. मला दुर्बिणीचे खरे मोल तिथे कळले.