नोप्पी उंदा?

आपल्या लोकांच्या आठवणी वाचता वाचता वाटलं, आपल्या उजव्या हाताची गोष्ट आपणही सांगावी.

माझं सासर बेला, आदिलाबाद जिल्हा. माहेर पैनगंगेच्या पलीकडे, महाराष्ट्रात. घरात, शेतात, बाजारात आमची मराठी. कागद आला की तेलुगू.

2016 च्या दसऱ्याला आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. पुढच्याच आठवड्यात, कापसाच्या पहिल्या वेच्याला, धुऱ्यावर पाय घसरला अन् उजवा हात अंगाखाली आला. कोपराशी हाड मोडलं. दीर म्हणाले, "जिल्ह्याचे चार तुकडे, वहिनीचे दोन!" सगळे हसले. मीही.

प्लास्टर निघालं तेव्हा बँकेपुढे नोटाबंदीच्या रांगा होत्या. वाटलं, सुटलो. पण हात सरळ होईना अन् तळवा वर वळेना. देवळात तीर्थ घ्यायला डावा हात पुढे करावा लागे, ती लाज वेगळीच. रात्री कोपरापासून मनगटापर्यंत ठणका.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या म्हणाल्या, "हाड बसलं, पण शिरा आखडल्या. तेल जिरलं की मोकळं होते." रोज सकाळी लसूण घालून तापवलेलं तिळाचं तेल, मग चोळणं, मग हात धरून ओढणं. मी ओरडले की म्हणत, "थोडं सोस वो पोरी." दहा-बारा दिवसांत कोपर सुजून गरम झालं. आधी वाकत होतं तेवढंही वाकेना.

आदिलाबादला डॉक्टरांनी हात लावून विचारलं, "नोप्पी उंदा?" दुखतं का? दुखण्याचा तेलुगू शब्द मी असा शिकले. पुढचं तिथल्या मराठी नर्सबाईंनी समजावलं. कोपराला मार लागल्यावर जोरात चोळलं, ओढलं, तर भोवतालच्या स्नायूत नको तिथं हाड धरू शकतं. चोळणं बंद. दुसऱ्या कुणी हात ओढायचा नाही. स्वतःच, सोसेल तेवढं, दिवसातून चार-पाचदा हलवायचं. कोपर कुशीला टेकवून, मुठीत पळी उभी धरून, तळवा सावकाश वर, मग खाली. मनगटाकडे जाणारी दोन हाडं एकमेकांवरून फिरतात तेव्हा तळवा वळतो, हेही तेव्हाच कळलं.

घरी मी एवढंच सांगितलं की आता तेलाची गरज नाही. पण लेकीनं सगळं आजीला सांगून टाकलं. त्या रात्री आत्याबाई जेवल्या नाहीत. "माह्याच हातानं तुह्या हाताचं वाटोळं केलं काय वो मी?" मला उत्तर सुचलं नाही. नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणवेना. मग कितीतरी दिवस त्या माझ्याजवळ बसल्याच नाहीत.

एका संध्याकाळी मी पळी धरून बसले होते. त्या आल्या, दुसरी पळी घेतली अन् समोर बसल्या. "वर. खाली." माझ्याबरोबर त्यांचाही हात फिरत होता. हिवाळा गेला, तूर निघाली. रामनवमीला प्रसाद वाटताना त्यांनी माझ्या उजव्या तळव्यावर सुंठवडा ठेवला अन् तिथंच थबकल्या. तळवा पुरता नाही, पण वळला होता.

आत्याबाईंना जाऊन आता तीन वर्षं झाली. कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही, थंडीत हात ठणकतोच. त्यांना तेलुगू शेवटपर्यंत आलं नाही. दोनच शब्द यायचे. पौषात मी कोपर धरून बसलेली दिसले की ओसरीवरून विचारत, "नोप्पी उंदा?"

मी म्हणायची, "कोंचेम." थोडीशी.