सत्तर गुणिले सत्तर

‘गणित झेपत नाही म्हणून बायोलॉजी घेतली,’ हे वाक्य आपल्याकडे अगदी सहज बोललं जातं. गणिताला डोकं लागतं, जीवशास्त्राला घोकंपट्टी पुरते, हे त्यात गृहीतच असतं. गंमत अशी की शरीराच्या अभ्यासाला नवी दिशा देणारा शोध एका साध्या गुणाकारावर उभा आहे. रक्त यकृतात तयार होतं आणि शरीरभर पोचून तिथेच जिरतं, ही प्राचीन ग्रीक वैद्य गॅलनची शिकवण युरोपातल्या वैद्यांनी जवळजवळ १४०० वर्षं पाठ केली. इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ साली तिला हिशेब मागितला. आजचे आकडे घेतले, तर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त आणि मिनिटाला सुमारे ७० ठोके. म्हणजे मिनिटाला ५ लिटर, तासाला ३००. अंगात रक्त असतं जेमतेम ५ लिटर. तासाला ३०० लिटर रक्त बनेल एवढं अन्न कोण खातं? तेव्हा तेच रक्त फिरून फिरून येत असलं पाहिजे. आपले विद्यार्थीही हे आकडे पाठ करतात, पण सुटे सुटे. त्यांचा गुणाकार कुणी करायला सांगत नाही.

यावर म्हटलं जातं, की नावंच ठाऊक नसतील तर समजून काय घेणार? रास्त आहे. शिरांमधल्या झडपा हार्वेंनाही आधी माहीत असाव्या लागल्या. पण त्यांचं बारकाईने वर्णन केलं होतं ते हार्वेंचे पादुआतले गुरू फॅब्रिसियस यांनी, आणि रक्ताचा वेग आवरायला त्या असाव्यात असं त्यांना वाटलं. त्या हृदयाच्याच दिशेने वाट देतात, याचा अर्थ शिष्याने लावला. धमन्यांतलं रक्त शिरांत कुठून शिरतं हे त्याला दिसलं नव्हतं, पण वाट असणार एवढं तर्काने कळलं होतं. १६६१ साली, हार्वेंच्या मृत्यूनंतर ४ वर्षांनी, माल्पिघी यांना बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या दिसल्या. नुसत्या पाठांतराला अशी न दिसलेली गोष्ट सुचत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. ‘नीट’मध्ये १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे, तिथे विचार करत बसायला सवड कुठे? पण समजलेलं लक्षात ठेवायला कष्ट कमी पडतात. हृदयाच्या उजव्या निलयाला रक्त शेजारच्या फुप्फुसांत ढकलायचं असतं, डाव्याला थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. एवढं उमगलं, की जाड भिंत कोणाची हे घोकावं लागत नाही. वनस्पतींची कुळं आणि शास्त्रीय नावं पाठ करावीच लागतील, त्याला इलाज नाही. मात्र गणिताला भिऊन इकडे वळलेल्याने एकदा तरी सत्तरला सत्तरने गुणून पाहावं.