बोरॉन आणि दफ

आयर्लंडच्या पश्चिमेला क्लेअर नावाचा परगणा आहे. त्यातल्या एनिस या गावात मे महिन्याच्या अखेरीस 'फ्ला नुआ' हा लोकसंगीताचा उत्सव भरतो. १९५१ साली स्थापन झालेली 'कोल्तस' ही संस्था तो भरवते, आणि १९७४ पासून तो एनिसमध्येच होतो. २०२३ च्या उन्हाळी सुट्टीत मी लिमरिकला माझ्या आपाकडे गेले होते. तिथून एनिस आगगाडीने पाऊण तासावर. दुल्हाभाईंची हॉस्पिटलात ड्युटी होती, म्हणून आम्ही दोघी बहिणीच निघालो. गळ्यात कॅमेरा होता. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो दरवर्षी मीच काढते, तेवढाच माझा सराव.

बाहेरच्या जगात या संगीताला 'केल्टिक' म्हणतात. एनिसच्या रस्त्यांवर हा शब्द मला कोणाच्या तोंडून ऐकू आला नाही. तिथे ते 'ट्रॅड' म्हणतात, म्हणजे पारंपरिक. बस्स, एवढेच.

अडचण अशी होती, की यातले अस्सल वादन बहुधा पबमध्ये चालते. डोक्यावर ओढणी घेतलेल्या आम्ही दोघी एका पबच्या दाराबाहेर बराच वेळ उभ्या राहिलो. आतून फिडलचा आवाज येत होता आणि बिअरचा वासही. आपा म्हणाली, "गाना सुनने में ही आधा गाँव बोलेगा, अब ये भी?" शेवटी एका हॉटेलच्या बैठकीच्या खोलीत असेच वादन चालू असल्याचे कळले. तिथे चहा मिळत होता. आम्ही आत जाऊन बसलो.

याला 'सेशन' म्हणतात. मंच नाही, माईक नाही. सात-आठ जण खुर्च्या गोल मांडून एकमेकांकडे तोंड करून बसलेले, आणि ऐकणाऱ्यांकडे त्यांची पाठ. फोटो काढणाऱ्याला याहून गैरसोयीची मांडणी शोधून सापडणार नाही! कव्वालीत कव्वाल श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहतात, दाद मागतात. इथे दाद कोणी मागतच नाही. एक जण धून सुरू करतो, ज्यांना ती येते ते सामील होतात, ज्यांना येत नाही ते मांडीवर हात ठेवून ऐकतात. धून दोन-तीनदा फिरली की मध्ये न थांबता दुसरी सुरू होते. 'जिग' नावाचा प्रकार सहा मात्रांचा. मी मनातल्या मनात दादरा मोजत होते आणि तो बरोबर समेवर येत होता.

फ्लॅश वापरायचा नाही हे मी आधीच ठरवले होते. वाजवणाऱ्याच्या डोळ्यांवर वीज पाडून फोटो काढणे मला स्नेहसंमेलनातही आवडत नाही. उजेड फक्त खिडकीचा. पण त्या दिवसांत तिथे मगरिब पावणेदहाच्या सुमारास होते, त्यामुळे संध्याकाळी सातलाही खिडकीत भरपूर उजेड होता. शटर सावकाश ठेवले की फिडलवाल्याचा चेहरा स्वच्छ येई आणि धनुकलीचा नुसता धूर. इलन पाइप्स वाजवणारा तरुण मात्र सोपा होता. ही मशक तोंडाने फुंकत नाहीत. एका कोपराखालच्या भात्याने हवा भरायची, दुसऱ्या कोपराखाली पिशवी दाबायची. वाजवणारा बसलेला, अंग स्थिर, बोटे तेवढी पळतात.

त्यांच्यात एक वयस्क बाई कॉन्सर्टिना वाजवत होत्या. कॉन्सर्टिना म्हणजे दोन तळहातांत मावणारी, षट्कोनी पेटी. मध्यंतरात मी त्यांना फोटोची परवानगी विचारली. त्या म्हणाल्या, "काढ, पण वाजवताना काढ. हसून बघायला सांगू नकोस." मग त्यांनीच माझी चौकशी केली आणि बोलणे वाढले. क्लेअरमध्ये ही पेटी मुख्यतः बायकांची. स्वयंपाकघरात शेजारीपाजारी जमायचे, एखादी बाई पेटी वाजवायची, बाकीचे फरशीवर नाचायचे. मग १९३५ साली सार्वजनिक नाचांसाठी परवान्याचा कायदा आला. कायदा सार्वजनिक जागांचा, पण अनेक ठिकाणी पाद्री आणि पोलीस यांनी तो घरांतल्या नाचांवरही चालवला. धर्मगुरूंना हे नाच आधीपासूनच नको होते. क्लेअरचेच फिडलवादक ज्युनिअर क्रेहन (१९०८–१९९८) यांनी पुढे या घरगुती नाचांसाठी एक विलापाची धून रचली.

हे ऐकताना मला आमच्या गावची जमातीची एक बैठक आठवली. मी तेव्हा सातवीत होते. तोवर हळदीच्या रात्री नानी ढोलक घेऊन बसायची आणि बायका आमच्या कोकणी बोलीत नवऱ्या मुलाची, त्याच्या आईची यथेच्छ टिंगल करणारी गाणी म्हणायच्या. बैठकीत ठरले, की हे बंद. बायकांना कोणी विचारले नाही. ढोलक माळ्यावर गेली. संगीत हराम की हलाल हा वाद मी इथे मांडत नाही, त्यावर उलेमांचेच शतकानुशतके मतभेद आहेत. पण निकाहच्या आनंदात दफ वाजवायला बहुतेकांची हरकत नसते, हे मात्र त्या बैठकीत कोणी बोलले नाही.

आणि समोर, त्या बाईंच्या शेजारी, एक मुलगा दफच वाजवत होता! त्याला ते 'बोरॉन' म्हणतात. लाकडी कडे, एका बाजूला ताणलेले बकऱ्याचे कातडे. आतून एका हाताने कातडे दाबून सूर बदलायचा, दुसऱ्या हातातल्या आखूड काठीने वाजवायचे. त्या मुलाचे मी सर्वांत जास्त फोटो काढले.

आमच्यात आणि त्यांच्यात एक फरक पडला. किलरशच्या एलिझाबेथ क्रॉटी (१८८५–१९६०) या कॉन्सर्टिना वाजवणाऱ्या बाईंपर्यंत १९५० च्या दशकात आयरिश रेडिओची गाडी पोचली. किरन मॅकमहूना नावाचे रेडिओवाले गावोगाव फिरून वादन टेप करत. त्यामुळे त्यांचे वादन आजही ऐकता येते. नानी २००९ मध्ये गेली. तिच्या दारात कुठलीच गाडी आली नाही.

जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी मी गावी जाऊन खालाला फोटो दाखवले. तिचे वय पंचाहत्तरच्या पुढे, नजर अधू. फोन डोळ्यांजवळ धरून ती बराच वेळ त्या मुलाकडे बघत राहिली. म्हणाली, "यो त दफ हाय." मग मला दार लावायला सांगितले, ओट्यावरचे रिकामे पातेले ओढून उपडे घातले आणि बोटांनी ठेका धरून नानीचे एक गाणे म्हटले. दुसरे कडवे तिला आठवले नाही, तिथे तिने नुसतीच चाल गुणगुणली. चार मिनिटांचे ध्वनिमुद्रण माझ्या फोनवर आहे. मध्ये कुकरची शिट्टी आहे, आणि शेवटी तिचाच आवाज, "कुनाला पाठवू नको हां." अजून कोणाला पाठवलेले नाही.