विचुंब्याची एक खोली

पनवेल स्टेशनच्या पूर्वेला उतरून नवीन पनवेल ओलांडले की रिक्षा विचुंबे गावाकडे वळते. माथेरानच्या डोंगरातून आलेली गाढी नदी इथून जवळूनच खाडीकडे जाते. एके काळचे हे भातशेतीचे गाव. आता खाचरांच्या जागी चाळी आणि इमारती उभ्या आहेत. मुंबईत घर न परवडणारी कष्टकरी माणसे इथे बिऱ्हाड करतात आणि लोकलने कामाला जातात. माझी धाकटी बहीण त्यांतलीच. खोली एकच. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, खाली भांड्यांची मांडणी, कोपऱ्यात भाच्याची पुस्तके.

परवा गेलो तेव्हा भाचा त्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मामा, २०२० साली इथेच बसून मी खचलो होतो."

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. लोकल बंद, दाजींचे कंत्राटी काम बंद, बहिणीची धुणीभांडी बंद. पाच माणसे, एक खोली, एक मोबाईल. भाचा मुंबई विद्यापीठात बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. परीक्षा होणार की नाही, हेच कळेना. राज्य सरकार नको म्हणाले. जुलैत विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबरअखेर घ्या म्हटले. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय अंतिम वर्षाला उत्तीर्ण करता येणार नाही, असा निकाल दिला. अखेर ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन परीक्षा झाली.

तोवर पोराची झोप उडाली होती. रात्री छाती धडधडे, घास उतरत नसे. बहिणीला वाटे, आळशीपणा करतो. एका रात्री तो वडिलांजवळ रडला, "पप्पा, मला भीती वाटते. पुढे काय होईल कळत नाही." दाजी रागावले नाहीत. जवळ बसून राहिले. दुसऱ्या दिवसापासून घराने नियम केला : पहाटे सहा ते नऊ मोबाईल फक्त त्याचा. त्याआधी त्रिशरण-पंचशील आणि दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष. भीती एका दिवसात गेली नाही. पण तो एकटा राहिला नाही.

परळच्या चाळीत एकाच खोलीत बाबासाहेब शिकले. रामजीबाबा त्यांना रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवीत. त्या घरातही जागा नव्हती, पण बाप पाठीशी होता.

भगवान बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. एक बाण दुःखाचा. दुसरा त्या दुःखाने होणाऱ्या मनाच्या तडफडीचा. टाळेबंदीचा बाण आपल्या हातात नव्हता. पण घाबरलेल्या लेकराला "नाटके करू नकोस" म्हणणे म्हणजे दुसरा बाण आपणच मारणे होय.

माता-भगिनींनो, ताप आला की आपण डॉक्टरकडे जातो. मन आजारी पडले तर अंगारे-धुपारे नकोत, तिथेही डॉक्टरच हवा. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. मराठीतही बोलता येते. आणि प्रत्येक विहारात संध्याकाळी मुलांसाठी एक दिवा, एक सतरंजी आणि विचारपूस करणारे एक मोठे माणूस असावे. एका खोलीत राहणाऱ्यांची ती दुसरी खोली होईल.

भाचा आता नोकरीला आहे. निघताना पाहिले, तर शेजारची तीन पोरे वह्या घेऊन त्याच कोपऱ्यात बसली होती. तो आधी त्यांना विचारत होता, "झोप लागते ना रे नीट?"