गवताची वखार

आमच्या घरात तीन पिढ्या गवताचा व्यापार चालला. पालघर, बोईसर, वाणगाव या पट्ट्यातील वरकस माळांवरचे गवत दिवाळीनंतर कापायचे, वखारीत दाबून त्याच्या गाठी बांधायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना करायच्या. गाईम्हशींच्या मुखी जाणारा माल विकणाऱ्यास पाप कसले, असे आजोबा म्हणत. 1834 साली स्थापन झालेल्या मुंबईच्या पांजरापोळीचे नाव ते अभिमानाने घेत.

या समाधानाला पहिला तडा एका चातुर्मासात गेला. उपासकदशांग सूत्रात श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांवर महाराजसाहेबांचे व्याख्यान होते. त्यांत एक कर्मादान दवदान, म्हणजे रानाला आग लावणे. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात त्याचे दोन प्रकार आहेत : सवयीने लावलेली आग आणि पुण्यबुद्धीने लावलेली आग. वडील मान खाली घालून ऐकत होते. नवे गवत जोमाने फुटावे म्हणून दर फाल्गुनात आमचा माळ पेटवला जाई. गुरांच्या कल्याणासाठीच, असे आम्ही मानत होतो. त्याच सुमारास टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. ससे, सरडे, लावे आणि मातीतले असंख्य जीव कोणी मोजलेच नव्हते. त्या वर्षापासून माळाच्या कडेने दहा हात रुंद पट्टा साफ करून आम्ही वणवा अडवू लागलो.

जीवदयेचा विचार माणसांपर्यंत मात्र उशिरा पोहोचला, हे लिहिलेच पाहिजे. 1945 साली उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांतील वारल्यांनी 500 पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मागितली. 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे जमावावर गोळीबार होऊन पाच जण ठार झाले. गोदावरी परुळेकरांनी ती हकिकत लिहून ठेवली आहे. गवताच्या मालकांची बाजू ती आमच्यासारख्यांचीच बाजू होती. आमच्या वखारीत ही गोष्ट कधी निघत नसे.

पुढे वडिलांनी आमच्याकडील वृद्ध वारली कापणाऱ्याला विचारून चराईची रीत बदलली. पहिल्या पावसात कोवळ्या फुटव्यावर गुरे सोडली तर मुळे दुबळी होतात; म्हणून पावसाळाभर माळ राखायचा, बी झडल्यावर कापणी करायची आणि मग पाड्यावरची गुरे मोकळी सोडायची. पूर्वी हीच गुरे शिरली की दंड घेतला जाई. कुसळीपेक्षा मारवेल वाढू लागली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. उत्पन्न काहीसे घटले, ते वडिलांनी सोसले.

एकदा बिबट्याने पाड्यावरचे वासरू नेले. मी पिंजऱ्याची गोष्ट काढली. तो वृद्ध म्हणाला, "शेठ, बारशीला आपण गाय-वासरू पुजता, आम्ही वाघोबा पुजतो. दिवस एकच आहे." वसुबारस आणि वाघबारस एकाच तिथीला येतात, हे इतकी वर्षे डोक्यात आले नव्हते. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या भागांत वाघोबाची सुमारे 150 देवस्थाने अभ्यासकांनी नोंदली आहेत. वासराची भरपाई वन खात्याकडून मिळावी म्हणून अर्ज मी लिहून दिला. पिंजऱ्याचा विषय तिथेच संपला.

आता भावंडांत दोन मते आहेत. एकाला माळ गोदामासाठी विकायचा आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे भाव चांगला येतो. दुसऱ्याला वडिलांच्या स्मरणार्थ तेथे हजार झाडे लावायची आहेत. हेतू निर्मळ आहे, पण दाट सावलीत मारवेल टिकत नाही आणि टिटवीला तर उघडी जमीन लागते. सरकारी दप्तरातही अशा माळांना कित्येकदा पडीक म्हणतात. त्यामुळे गोदाम आणि वृक्षारोपण दोन्ही उपकारच वाटतात.

मी दोघांनाही कार्तिकात, कापणीच्या आधी, माळावर बोलावले आहे. त्या वेळी गवत कमरेइतके असते. सौद्याचा कागद तोवर तिजोरीत राहील.