एका ओळीची नजर

छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचं वढू बुद्रुक मागे पडलं, कोरेगाव भीमा आलं, की उसाच्या हिरव्यातून पत्र्याच्या शेड दिसू लागतात. अशा शेडमध्ये पोलादी पट्टी रोलरवरून धावते आणि तिची रुंदी धावतानाच मोजायची असते. तिला थांबवून व्हर्निअर लावायला कुणाला सवड? मी त्यासाठी करतो आहे तो कॅमेरा आख्खं चित्र पाहतच नाही. त्याच्या सेन्सरवर २०४८ प्रकाशबिंदू एका रांगेत आहेत, बस्स. एक ओळ पाहायची, पट्टी सरकली की पुढची.

या गरिबीचं मला फार अप्रूप आहे. २०० मिलिमीटर रुंदी एवढ्या बिंदूंत वाटली की प्रत्येकाला साधारण ०.१ मिलिमीटर येते. पट्टी सेकंदाला एक मीटर पळाली, तर लांबीतही तोच बारकावा राखायला सेकंदाला १०,००० ओळी हव्यात. म्हणजे एका ओळीला प्रकाश मिळणार फार तर १०० मायक्रोसेकंद. तेवढ्यात स्थिर वाटणारा दिवाही उघडा पडतो: ५० हर्ट्झवरची जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंदावते आणि चित्रात आडवे पट्टे उठतात. म्हणून एलईडी आणि तिला सरळ डीसी. शेड २० अंशांनी तापली की पोलादाचे तेच २०० मिलिमीटर जवळजवळ ५० मायक्रॉन वाढतात, म्हणजे अर्धा बिंदू. मग प्रोग्रामला तापमानही सांगावं लागतं.

१७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून गेलेल्या आयआरएस-१ए उपग्रहाचा लिस-१ कॅमेराही असाच, ओळीओळीने पाहणारा. ९०४ किलोमीटरवरून त्याचा एकेक बिंदू जमिनीवरचे ७२.५ मीटर टिपायचा, २०४८ बिंदूंत १४८ किलोमीटरचा पट्टा. तिथे खालचं काही सरकवायला नको होतं, उपग्रहच पुढे धावत होता. एवढ्या उंचीवरून वढूचं गावठाण मूठभर ठिपक्यांतच मावत असणार. आपल्या देशाने बनवलेली ती नजर आठवली की शेडमधलं माझं काम मला एकटं वाटत नाही.

पण उपग्रहाची चाल जवळजवळ एकसारखी, त्याला घड्याळ पुरतं. पट्टी मात्र शिफ्ट बदलताना मंदावते, पुन्हा वेग घेते. घड्याळाच्या ठोक्यावर ओळी घेतल्या, तर मंदावलेल्या पट्टीवरचं गोल भोक चित्रात लांबोळं होतं. माझ्या मते या कॅमेऱ्यातला सगळ्यांत मोठा निर्णय लेन्सचा नाही, सेन्सरचाही नाही. 'आता बघ' हे कॅमेऱ्याला कोणी सांगायचं, हा आहे. सांगावं पट्टीनेच: तिच्या रोलरवर, तो फिरेल तसे पल्स देणारा एन्कोडर बसवायचा आणि ठरावीक पल्सना एक ओळ घ्यायची.

यातही एक मेख आहे. थांबताना पट्टी किंचित मागे येते आणि तोच तुकडा दोनदा मोजला जातो. एन्कोडरच्या दोन सिग्नलांत पाव आवर्तनाचा फरक असतो, आधी कोणता आला त्यावरून दिशा कळते. पट्टी मागे आली की मोजणी उलटी चालवायची, आणि जुनी खूण ओलांडेपर्यंत एकही ओळ घ्यायची नाही. कॅमेऱ्याच्या एफपीजीए चिपमध्ये सध्या मी हेच लिहितो आहे.